नाकोबाला आलेला वास

परवा एका जुन्या सहकाऱ्याकडे चहाला जमलो होतो. सगळे डेअरीतून निवृत्त झालेले. बोलता बोलता नाकोबाचा विषय निघाला. तो जाऊन आता बराच काळ झाला. एकाने त्याची नक्कल करून दाखवली: कॅनचं झाकण नाकाशी धरायचं, तोंड वाकडं करायचं, "परत" म्हणून ओरडायचं. मग म्हणाला, "नाक गेलं होतं म्हाताऱ्याचं, तरी नाटक करून भल्याभल्यांना फसवलं त्याने." सगळे पोट धरून हसले. मी अर्धा चहा ठेवून उठलो. चार माणसांत मला बोलता येत नाही. काय बोलायला हवं होतं ते घरी येता येता सुचलं, आणि तोवर राग इतका वाढला होता की म्हटलं, लिहावं. लिहायची सवय नाही. कुठे घसरलो तर सांभाळून घ्यावं. पण त्या माणसाने नाटक केलं नाही. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा असायचो, मला माहीत आहे.

नाकोबा हे नाव आम्हीच ठेवलेलं. नागोबासारखा फणा काढायचा म्हणून अर्धं, आणि नाकाच्या जिवावर पोट भरायचा म्हणून अर्धं. सकाळी दुधाच्या गाड्या डॉकला, म्हणजे डेअरीच्या माल उतरवायच्या ओट्याला लागायच्या, हमाल कॅन उतरवून रांगेत लावायचे, आणि नाकोबा हातात लाकडी हातोडी घेऊन रांगेच्या तोंडाशी उभा राहायचा. झाकणाच्या कडेवर एक टोला, झाकण वर, आणि झाकणाची आतली बाजू नाकाशी. दुधाचा वास तो घेत नसे. गाडीत येईपर्यंत बंद कॅनमधली सगळी वाफ झाकणाखाली साठते, दुधात काही खोट असेल तर ती तिथे पहिल्या श्वासात कळते. दुसऱ्या श्वासाला काही उरत नाही. "घे" म्हणाला की कॅन माझ्या वजनकाट्यावर. "परत" म्हणाला की कॅनवर लाल खडूची फुली, आणि कॅन बाजूला. ती फुली ज्याने मारली त्यानेच पुसायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा डॉकचा जुना नेम होता. काट्यावरून दूध मोठ्या टाकीत जायचं, सगळ्यांचं एकत्र. लॅबमध्ये तपासणी व्हायची ती टाकीतल्या दुधाची. म्हणजे नाकोबाच्या नाकाखालून जे गेलं ते गेलंच.

त्याचं नाक खरोखर तसं होतं. एकाला म्हणाला होता, "तुझी गाय काल कुंपण ओलांडून गेली होती. रानलसूण खाऊन आली आहे." तो माणूस घरी गेला तर कुंपण मोडलेलं. आणि राग म्हणाल तर तोही नाकावरच. डॉकवर कोणी अत्तर लावून आलेलं त्याला चालायचं नाही. ऑफिसातला एक नवा कारकून संत्रं सोलत तिथे उभा राहिला, तर नाकोबाने ते संत्रं हिसकावून भिंतीपलीकडे फेकलं आणि म्हणाला, "आता तिकडे जाऊन खा." कारकुनाला वाटलं गंमत आहे. मग त्याने नाकोबाचं तोंड पाहिलं आणि गेला.

आता वळणावरच्या बाईबद्दल सांगायला हवं. रस्ता जिथे वळतो तिथे तिचं घर आणि गोठा, म्हणून आम्ही तिला वळणावरची म्हणत असू. तिच्या सासऱ्याच्या काळात त्या घरचे कॅन डबक्याच्या पाण्यात विसळलेले असायचे. सांध्यांत घाण बसलेली. नाकोबा ते परत करायचा आणि ते रास्तच होतं. पुढे सासरा वारला, नवरा परगावी कामाला गेला तो तिकडचाच झाला. गाई एकटीवर आल्या. तिने जुने कॅन भंगारात घातले, नवे घेतले, उकळत्या पाण्याने धुवायला लागली. पण प्रत्येक घराची खूण ठरलेली असते, तिच्या घराची खूण म्हणजे कॅनच्या गळ्याशी आणि झाकणावर निळ्या रंगाचं कडं. ते निळं कडं नव्या कॅनवरही आलं.

सुरुवातीची काही वर्षं नाकोबा तिचं दूध कुरकुरत का होईना, घ्यायचा. "बरं आहे. सासऱ्यावर गेली नाही," म्हणायचा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तिच्यावर तो पहिल्यापासून डूख धरून होता असं आता बोललं जातं. ते खोटं आहे.

मग एका हिवाळ्यात त्याला ताप आला. बरेच दिवस घरी होता. आला तेव्हा गालफडं बसलेली, पण म्हणाला, नाक मोकळं झालं. आम्ही मान डोलावली. नाकोबाच्या नाकाबद्दल नाकोबाला कोण विचारणार?

त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, आधी शंका आली. त्यांनीच मला सांगितलं. एका दुपारी त्या वाळत घातलेले कपडे काढायला मागच्या दारी गेल्या होत्या. नाकोबा चुलीपासून दोन पावलांवर पेपर वाचत बसला होता, आणि दुधाचं पातेलं करपून वास मागच्या दारापर्यंत पोचला होता. वहिनी धावत आल्या. त्याने पेपरातून मान वर केली, म्हणाला, काय झालं? वहिनींनी पातेलं नाकासमोर आदळलं. काळं बूड बघितल्याबरोबर त्याने नाक दाबलं आणि म्हणाला, "अगं, केवढा करपट वास."

"आत्ता आला होय? पत्र टाकून बोलावलं का त्याला?" वहिनी म्हणाल्या.

हे सांगताना त्या हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या. डॉक्टरकडे चला म्हटलं तर त्याने ताट सरकवलं आणि त्या आपले शब्द मागे घेईपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही.

मला तेव्हा माझ्याच हाताची गोष्ट आठवली. काट्यावर दिवसभर भरलेले कॅन उचलायचे. कधी हमाल चुकून रिकामा कॅन झाकण लावून रांगेत ठेवतात. तो भरलेला समजून उचलला की हात असा वर उडतो की कॅन हनुवटीवर आदळतो. म्हणजे वजन कळायच्या आधीच हाताने ते ठरवून टाकलेलं असतं, आणि आपण त्या ठरवलेल्या वजनाला उचलतो. रिकामा निघाला तरच आपल्याला ते समजतं, एरवी कधीच नाही. लॅबमधल्या मुलीला मी हे एकदा बिचकत विचारलं. ती शिकलेली, पण हसली नाही. म्हणाली, "काका, सगळंच तसं असतं. डोकं आधी अंदाज बांधून ठेवतं. डोळे, नाक, कान फक्त सांगतात की अंदाज कुठे चुकला." मी विचारलं, आणि सांगणारंच बंद पडलं तर? ती म्हणाली, मग अंदाज कधी चुकतच नाही. मला ते पूर्ण कळलं असं मी म्हणणार नाही, पण अंगावर काटा आला.

कारण तापानंतर वळणावरचीचा कॅन रोज परत जायला लागला होता. आणि ज्यांच्यावर नाकोबाचा विश्वास होता त्यांचा एकही नाही.

उन्हाळ्यात एक दिवस टाकीच्या टाकी नासली. कुठलातरी खराब कॅन आत गेला होता. साहेब, म्हणजे आमचे सुपरवायझर, वरून बोलणी खाऊन आले होते आणि त्यांना कोणाची तरी मान हवी होती. नाकोबा म्हणाला, माझ्या नाकाखालून खराब थेंबही गेला नाही. खराब कॅन एकच होता, निळ्या कड्याचा, तो मी परत केला. मागून कोणी रांगेत सरकवला असेल तर मला माहीत नाही. झालं. साहेबांनी फळ्यावर लावून टाकलं की आठवडा संपला की वळणावरचीचं नाव कमी होईल. त्या भागात दुसरी डेअरी नव्हती. नाव गेलं की गाई गेल्या, हे फळा वाचता न येणाऱ्यालाही कळत होतं.

ती स्वतः गाडीवर बसून यायची, गाडीवाल्यावर तिचा भरवसा नव्हता. त्या दिवशी ती डॉकवर चढली.

"मामा, माझ्या दुधात आहे काय ते एकदा सांगा. नुसतं परत, परत काय करता?"

"कुजक्या पाण्याचा वास आहे," नाकोबा म्हणाला.

"मी कॅन उकळत्या पाण्याने धुते."

"मग पाणी कुजकं असेल."

"तेच पाणी मी पिते."

"तब्येत दिसतेच आहे."

हमाल खो खो हसले. ती खाली उतरली आणि गाडीत जाऊन बसली. ती गप्प बसली तेव्हाच आम्हाला भीती वाटायला हवी होती.

तिच्या शेजारी डेअरीचा एक सभासद राहायचा. तरुणपणी आखाड्यात जायचा म्हणून त्याला पहिलवान म्हणत. त्याच्या कॅनवर पिवळं कडं, आणि नाकोबाने त्या दुधाची आरती ओवाळायचीच काय ती बाकी ठेवली होती. पुढच्या सकाळी निळा आणि पिवळा कॅन एकाच गाडीतून उतरले, बरोबर ती आणि पहिलवानही. पिवळ्यावर टोला पडला, झाकण नाकाशी गेलं, आणि नाकोबाचा चेहरा मोकळा झाला. "घे. याला म्हणतात दूध. शिका जरा." मग निळा. झाकण उचललं आणि त्याची मान मागे गेली, डोळ्यांत पाणी आलं, घशातून ओकारी यावी तसा आवाज निघाला. "परत." लाल फुली.

फुली पूर्ण होईपर्यंत ती थांबली. मग पहिलवानाला म्हणाली, "भाऊ, आता बोला."

पहिलवान बिचारा नाकोबाला घाबरायचा. मान खाली घालून म्हणाला, "मामा, त्या निळ्यात माझं दूध आहे. पिवळ्यात हिचं. आम्ही घरूनच बदलून आणलं."

मग कोणीतरी हसलं, आणि मग जे सुरू झालं ते मला अजून ऐकू येतं. खोटारडा. बाईमाणसावर डूख धरणारा. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्या नाकाचे पोवाडे गायले तेच, त्याच तोंडांनी. नाकोबाने झाकण हातातून सोडलं नव्हतं. "मला वास आला," एवढंच म्हणत होता. "आला म्हणजे आला. मी काय वेडा आहे?"

"तुम्हाला दुधाचा वास नाही आला, मामा," ती म्हणाली. "झाकण उघडायच्या आधी तुम्हाला माझा सासरा दिसला."

ती बरोबर होती. पण तोही खोटं बोलत नव्हता, आणि हे मला त्या गलक्यात कोणाला सांगता आलं नाही, परवाही चहाच्या टेबलावर सांगता आलं नाही. तोंड वाकडं करता येतं. ओकारीचा आवाज काढता येतो. मानेवरचे केस कोणाला ठरवून उभे करता येत नाहीत. ते मी पाहिले होते. त्याला वास आला होता, फक्त तो कॅनमधून आला नव्हता.

"डोळे बांधा माझे," नाकोबा ओरडला. साहेब म्हणाले काही गरज नाही. त्याने स्वतःच्या गळ्यातलं फडकं काढलं आणि स्वतःच बांधलं. "लावा कॅन. कोणतेही लावा."

लॅबच्या मुलीने कॅन लावले. शेवटी तिने एक आदल्या दिवसापासून उन्हात राहिलेला कॅन आणवला. तो नुसता आणला तरी आम्ही सगळे मागे सरलो, मी बाही नाकाला लावली.

त्याने पहिलं झाकण उचललं. श्वास घेतला. पुन्हा घेतला. दुसरं झाकण. मग चिडून म्हणाला, "रिकामे कॅन ठेवलेत. मस्करी करता?" कोणी हसलं नाही. त्याने हातोडीने कॅनच्या पोटावर ठोकलं. भरलेल्या कॅनचा आवाज त्याला चांगला माहीत होता. हातोडी थोडा वेळ तशीच राहिली. मग तो चाचपडत पुढे सरकला आणि त्या उन्हातल्या कॅनचं झाकण उघडून त्याने सगळं तोंड आत घातलं.

"काट्या," त्याने मला हाक मारली. मी काट्यावर असायचो म्हणून तो मला काट्या म्हणायचा. "काट्या, यात काय आहे?"

मी उत्तर द्यायच्या आत मुलगी म्हणाली, "मामा, कालचं दूध आहे. फाटलंय."

आणि डोळ्यांवर फडकं तसंच असताना तो झटक्याने मागे आला, हात नाकावर गेला. शब्द कानात पडला आणि वास आला. सगळ्यांनी पाहिलं. त्यालाही कळलं. नाकावरचा हात हळूहळू खाली आला. फडकं काढून तो त्या मुलीवर असा ओरडला की तिने डोळे मिटले.

"सांगितलंस कशाला? मला आधी सांगितलंस कशाला?"

एवढं झाल्यावर तरी फळ्यावरचा कागद निघेल असं मला वाटलं होतं. साहेबांनी नाकोबाला फाटकावर बसवलं, आणि वळणावरचीला म्हणाले, परीक्षेने एवढंच ठरलं की याचं नाक गेलं आहे. तुमचं दूध चांगलं होतं हे कुठे ठरलं? आणि कॅनवर फुली आहे. ती ज्याने मारली त्याने पुसल्याशिवाय नाव राहत नाही, नेम म्हणजे नेम. साहेबांनी आयुष्यात पाळलेला तो पहिला नेम असेल. त्यांनी वर नाव कळवून टाकलं होतं, आता शब्द फिरवला तर टाकी कोणामुळे नासली हा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. नाकोबा फुली पुसणार नाही याची त्यांना खात्री होती. ज्या बाईने भर डॉकवर त्याचं नाक कापलं तिच्यासाठी तो खाली वाकेल? साहेबांनाही माणसं बघायच्या आधीच दिसायची, आणि ताप तर त्यांना आला नव्हता.

आठवड्याच्या शेवटच्या सकाळी तिचा कॅन आला. आदल्या फुलीचा खडू त्यावर तसाच. फाटक सोडून नाकोबा डॉकवर आला. साहेब म्हणाले, तुझी जागा तिकडे आहे. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लॅबच्या मुलीला म्हणाला, "आण तुझी बाटली. तपास." तिने तिथेच थोडं दूध घेतलं, औषध घातलं, हलवलं, उजेडाला धरलं. "ताजं आहे. स्वच्छ आहे," ती म्हणाली.

नाकोबा फुलीकडे हात नेतो तोच वळणावरचीने कॅनवर तळहात ठेवला.

"आधी वास घ्या."

"पोरगी म्हणते चांगलं आहे."

"पोरगी म्हणते ते मी ऐकलं. मला रोज तुमच्या तोंडून ऐकायची सवय आहे. घ्या."

त्याने हातोडी मारली. झाकण वर गेलं. मी त्याच्या मानेकडे बघत होतो. तीच मान मागे गेली, डोळे भरून आले, घसा आवळला. सगळं तेच, तसंच.

"येतोय," तो म्हणाला. "अजून तोच. कुजक्या पाण्याचा."

साहेबांच्या ओठांवर हसू आलं. वळणावरचीचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं असेल, संपलं.

नाकोबाने झाकण डाव्या हातात धरलं, उजव्या तळव्याने ती फुली खसाखसा पुसली, नखाने उरलासुरला खडूही खरवडला, आणि कॅन पायाने लोटून माझ्या काट्याकडे ढकलला.

"येऊ दे वास," तो म्हणाला. "तो माझा आहे, दुधाचा नाही. बघतोस काय, काट्या? वजन कर."

तिने त्याच्या हातातलं झाकण हिसकावून घेतलं. आभार वगैरे काही नाही, आणि का मानावेत? इतके दिवस रोज सकाळी तिने आपलं दूध परत नेऊन गटारात ओतलं होतं.

"आग लागो तुमच्या नाकाला," ती म्हणाली.

"लागली तरी मला वास यायचा नाही," नाकोबा म्हणाला.

ती हसली नाही. तोही हसला नाही, रागाने लाल झाला होता, कोणावर ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी कॅन उचलला. मागे गाड्या खोळंबल्या होत्या, हमाल माना खाली घालून उभे होते, आणि आता कोणावर ओरडावं हे साहेब शोधत होते.